बिडाचे झाड

ऑक्टोबर सरत आला की आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांतून एकच वार्ता येते: तुळस गेली. उन्हाळाभर खिडकीत हौसेने वाढवलेली, पाहुण्यांना कौतुकाने दाखवलेली तुळस दिवस लहान झाले की पाने काळी करते, मग गाळते, आणि ऐन कार्तिकात कुंडीत चार काड्या उरतात. तुळशीच्या लग्नाला ऊस मिळतो, चिंचा-आवळे मिळतात, भटजीही मिळतात. फक्त वधू नसते. कढीपत्त्याची कथा थोडी वेगळी, पण शेवट तोच. मग कोणीतरी हमखास विचारते, "इथे न मरणारे झाड आहे तरी कोणते?"

या प्रश्नाचे उत्तर इंग्रज गृहिणींनी दीडशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवले आहे. त्या झाडाचे नाव अ‍ॅस्पिडिस्ट्रा. इंग्रजीत त्याला लाडाने 'कास्ट आयर्न प्लांट' म्हणतात. कास्ट आयर्न म्हणजे आपले बीड. आजीच्या बिडाच्या तव्याला जसे काही होत नाही तसेच यालाही होत नाही, म्हणून मी घरात त्याला 'बिडाचे झाड' म्हणते. तुळशीची जागा ते घेणार नाही, हे आधीच सांगते. ते कोणी पूजेला लावलेले नाही आणि त्याला वासही नाही. पण त्याची निगा कशी राखायची एवढेच सांगायचे तर अर्धे पान पुरले असते. मला सांगायचे आहे ते हे, की हे झाड इंग्रजांच्या दिवाणखान्यात शिरले कसे, आणि तिथेच इतकी वर्षे ठाण मांडून का बसले. त्या हकिकतीत माझ्या विषयाचा, म्हणजे रसायनशास्त्राचा, मोठा वाटा आहे, आणि तिचा संबंध आपण आज ज्या बंद खिडक्यांच्या घरांत राहतो त्यांच्याशीही आहे.

आधी झाडाची ओळख. जमिनीतून एकेक पान सरळ वर येते. पान हाताएवढे लांब, गडद हिरवे, चिवट, खाली लांब देठ. वर खोड नाही, फांदी नाही. खोड आहे ते मातीखाली आडवे, आल्याच्या गड्ड्यासारखे. प्रथमदर्शनी कोणालाही हळदीचे किंवा कर्दळीचे बेट वाटावे. १९६० च्या सुमारास इथे आलेल्या आपल्या मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी मला सांगितले, की त्यांच्या घरमालकिणीच्या जिन्याखाली असे एक कुंडे होते आणि ते कित्येक महिने त्याला हळदच समजत होते. श्रावणात पातोळ्या करायला दोन पाने मागावी काय, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता म्हणे. मागितली नाहीत ते बरे झाले. पान विषारी नाही, कुत्र्यामांजरांनी चावले तरी भय नाही, पण हळदीच्या पानाचा सुगंध त्यात औषधालाही सापडणार नाही.

गंमत अशी, की पदार्थ मांडायला या पानाचा उपयोग खरोखर होतो, फक्त आपल्याकडे नव्हे तर जपानात. तिथे त्याला 'हारान' म्हणतात. डब्यातला एक पदार्थ दुसऱ्याला लागू नये म्हणून मध्ये या पानाचा तुकडा घालायची पद्धत आहे. सुशीच्या डब्यात हिरव्या प्लास्टिकची दातेरी पट्टी येते ना, ती याच पानाची नक्कल. केळीच्या पानाच्या जागी केळीचे पान छापलेली कागदी पत्रावळ आली, तसाच प्रकार.

हे झाड मूळचे दक्षिण जपानच्या बेटांवरचे. सदाहरित जंगलात मोठ्या झाडांच्या दाट सावलीत, पाचोळ्यात ते वाढते. वरून गाळून आलेला उजेड जेमतेम, त्यावर भागवायचे. म्हणून सगळा कारभार सावकाश. वर्षाला मोजकी पाने काढायची, पण प्रत्येक पान जाड, मेणचट, काही वर्षे टिकेल असे. फुलेसुद्धा मातीला टेकून उमलतात, पाचोळ्यात दडलेली, जांभळट, मांसल. शास्त्रीय नाव त्या फुलावरूनच पडले: फुलाच्या मध्यावर छत्रीसारखा पसरट भाग असतो, तो छोट्या गोल ढालीसारखा दिसतो, आणि ढालीला ग्रीक भाषेत 'अ‍ॅस्पिस' म्हणतात. १८२२ साली लंडनमध्ये या वंशाचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले, ते चीनमधून आलेल्या एका जातीचे. आपल्या कुंडीतल्या जातीला 'इलेटिऑर' हे नाव ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दिले. या फुलांचे परागण गोगलगायी करतात असे बरीच वर्षे मानले जाई. जपानच्या कुरोशिमा बेटावर संशोधकांनी रात्री-अपरात्री फुलांवर पाळत ठेवली तेव्हा ते काम मुख्यतः बुरशीवर वाढणारी चिलटे करतात असे दिसले. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जे झाड इंग्लंडच्या घराघरांत शतकभर समोर होते, त्याच्या फुलाचा उलगडा व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. घराघरांत असलेल्या गोष्टींकडे कोण कशाला बघतो?

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे हवेकडे वळू.

एकोणिसाव्या शतकातले लंडन डोळ्यांसमोर आणा. घरोघरी दगडी कोळशाची शेगडी, गल्लोगल्ली कारखाने. पूर्व लंडनमध्ये वेलक्लोज स्क्वेअरला नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत. त्यांना नेच्यांची फार आवड. अंगणात दगड रचून त्यांनी नेचे लावले, पण धुराने ते सारे मेले. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बरणीत झाकला, त्यातून पतंग कसा निघतो ते पाहायला. पतंग राहिला बाजूला. त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताची काडी उगवली, आणि बंद बरणीत, पाणी न घालता, जवळजवळ चार वर्षे जगली. झाकण गंजून आत पावसाचे पाणी शिरले तेव्हाच ती गेली. मातीतले पाणी वाफ होऊन काचेला लागायचे, पुन्हा मातीत ओघळायचे. बाहेरचा धूर मात्र आत येत नव्हता.

वॉर्डनी त्यावरून काचेच्या पेट्या बनवल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या नेच्यांसह जहाजाने सिडनीला गेल्या आणि झाडे सहीसलामत पोचली. पुढचा इतिहास जगाचा आहे: १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून हिंदुस्थानात हिमालयाच्या पायथ्याकडे नेली. (आसामचा चहा तिथलाच, ती गोष्ट वेगळी.) इंग्लंडात मात्र या पेट्या दिवाणखान्यात शोभेला मांडल्या गेल्या. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, १८५१ मध्ये खिडक्यांवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि नेचे जमवण्याचे वेड पसरले.

पण स्वस्त म्हणजे किती स्वस्त? नक्षीदार काचपेटी ही शेवटी खाऊनपिऊन सुखी माणसांची वस्तू. आणि ती पेटी होती कशासाठी, तर झाडाचे घराच्या हवेपासून रक्षण करण्यासाठी. ज्यांना पेटी परवडत नव्हती त्यांना हवा सोसणारे झाड हवे होते. इथे अ‍ॅस्पिडिस्ट्रा आले.

घरातल्या हवेला नेमके झाले होते काय? कोळशाचा धूर तर होताच, त्यात गॅसच्या दिव्यांची भर पडली. विल्यम मर्डॉकने १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेड्रुथ गावी कोळशापासून काढलेल्या गॅसवर आपले घर उजळले. लंडनची गॅस कंपनी १८१२ मध्ये स्थापन झाली. आधी रस्ते, मग दुकाने, मग श्रीमंतांची घरे आणि शतकाच्या मध्यानंतर मध्यमवर्गीयांची. (आपल्या मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे लागले ते १८६५ मध्ये.) १८९० च्या दशकात नाणे टाकून चालणारे मीटर आले आणि गॅस कामगारांच्या घरांतही शिरला. आपल्या ज्येष्ठ मंडळींना भाड्याच्या खोलीतले शिलिंगचे मीटर आठवत असेल. जेवण अर्धे शिजले की गॅस संपायचा आणि खिशात सुटे नसायचे. त्या मीटरचे हे आजोबा.

हा गॅस म्हणजे आजच्या स्वयंपाकाच्या गॅससारखा नव्हे. बंद भट्टीत दगडी कोळसा तापवून तो काढत. त्यात सुमारे निम्मा हायड्रोजन, मग मिथेन, कार्बन मोनॉक्साइड दहा टक्क्यांच्या आसपास (पुढे 'वॉटर गॅस' मिसळू लागल्यावर त्याहूनही जास्त), थोडा एथिलीन, आणि गंधकाची संयुगे. गॅस कारखान्यात चुन्यातून आणि पुढे लोहाच्या ऑक्साइडमधून गाळून हायड्रोजन सल्फाइड काढीत, तरी काही गंधक राहायचेच. ते जळले की सल्फर डायऑक्साइड, आणि ओलाव्याशी मिळून अखेर सल्फ्युरिक आम्ल. लंडनच्या क्लबांत चामड्याच्या खुर्च्या आणि पुस्तकांच्या बांधण्या भुसभुशीत होऊ लागल्या. खुद्द मायकेल फॅराडेने १८४० च्या दशकात या प्रश्नात लक्ष घातले होते.

आता थोडा हिशेब करू, तो केल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक साधा उघडा बर्नर तासाला पाचेक घनफूट गॅस जाळायचा. एक घनफूट गॅस जळायला पाच घनफुटांहून अधिक हवा लागते आणि त्यातून अर्ध्या घनफुटाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. माणूस स्वस्थ बसून तासाला सुमारे सहा दशांश घनफूट कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे एक बर्नर चार-पाच माणसांच्या बरोबरीचा. दिवाणखान्यात असे तीन बर्नर असले, तर घरात चार माणसे असूनही हवेच्या दृष्टीने पंधरा-वीस माणसे कोंडलेली. त्यावर पाण्याची वाफ, काजळी, आणि बर्नर नीट नसेल तर न जळलेला गॅस. संध्याकाळी डोके दुखते, मूर्च्छा येते अशा बायकांच्या तक्रारींना डॉक्टर स्वभावाचा दोष देत. निदान काही तक्रारींचे मूळ छताला टांगलेले होते, असे माझे मत आहे.

माणसांचे हे हाल, तर झाडांचे काय? झाडांना कार्बन डायऑक्साइड चालतो, त्यांचे ते अन्नच. त्यांचा काळ ठरला तो एथिलीन. ही गोष्ट उलगडली मोठ्या मजेशीर रीतीने. १८६४ मध्येच एका निरीक्षकाने नोंदवले होते, की युरोपातील शहरांत गळक्या गॅसनळांजवळची झाडे अकाली पाने गाळतात. पण गॅसमधला कोणता घटक दोषी ते कळेना. सेंट पीटर्सबर्गला नेल्युबोव्ह नावाचा तरुण विद्यार्थी प्रयोगशाळेत अंधारात वाटाण्याची रोपे वाढवीत होता. रोपे सरळ वर जाण्याऐवजी आखूड, जाड होऊन आडवी पसरत. बाहेरच्या हवेत तीच रोपे सरळ वाढत. प्रयोगशाळेत गॅसचे दिवे होते. गॅसमधला एकेक घटक वेगळा करून पाहिल्यावर १९०१ मध्ये त्याने जाहीर केले: दोषी एथिलीन. १९०८ मध्ये शिकागोत क्रॉकर आणि नाइट यांनी, कार्नेशनची फुले काचघरात उमलेनाशी का झाली याचा शोध घेताना, हेच दाखवून दिले. एथिलीनचा अगदी अल्प अंश हवेत असला तरी कळ्या मिटून राहतात, पाने गळतात, टोमॅटोच्या रोपाच्या फांद्या माना टाकतात.

एथिलीन हे नाव अनोळखी वाटले, तरी आपण सर्व जण त्याला चांगले ओळखतो. कोकणात आंब्याची आढी लावतात, पेंढ्यात कैऱ्या झाकून ठेवतात, तेव्हा आतल्या आत काम करतो तो हाच वायू. फळ स्वतःच तो सोडते आणि शेजारच्या फळाला पिकवते. म्हणून एक नासका आंबा आढी नासवतो. झाडाच्या दृष्टीने एथिलीन म्हणजे 'आता पिका, आता गळा' असा निरोप. व्हिक्टोरियन दिवाणखान्यात हा निरोप रोज संध्याकाळी दिवे लागले की फिरायचा. जिरेनियम, फ्यूशिया, गुलाब यांसारखी फुलझाडे तो मुकाट्याने ऐकायची.

अ‍ॅस्पिडिस्ट्राला मात्र गाळायला काही नव्हते. माझ्या मते त्याच्या चिवटपणाचे मर्म इथेच आहे. एथिलीनचा घाव बसतो तो वाढत्या शेंड्यावर, कळीवर, फुलावर, कोवळ्या देठावर. या झाडाला शेंडा नाही, फांदी नाही. फूल मातीत दडलेले. वाढ वर्षाला चार पानांची. आणि जुनी पाने जाड कातडीची. दिव्याखालच्या अंधाराची त्याला जंगलातच सवय. जपानच्या सावलीत पोट भरायला शिकलेली सावकाशी त्याला लंडनच्या धुरात उपयोगी पडली. आपण त्याला 'कणखर' म्हणतो. मला वाटते 'संथ' हा शब्द अधिक बरोबर आहे.

१८७० नंतर ते सर्वत्र दिसू लागले. खिडकीतल्या लेसच्या पडद्यांमध्ये, चकचकीत पितळी किंवा रंगीत चिनी मातीच्या कुंड्यात, रस्त्यावरून दिसेल अशा बेताने. इथली एकाला एक चिकटलेली 'टेरेस' घरे (मुंबईकर 'टेरेस' म्हणजे गच्ची समजतो, तसे नव्हे) पाहिलीत तर पुढची खोली अजूनही जपून ठेवलेली दिसते. त्या खोलीत रोज कोणी बसायचे नाही. पाहुणा आला, धर्मोपदेशक आला, घरात मृत्यू झाला, तरच ती उघडायची. अशा खोलीत झाड टिकवायचे तर ते अ‍ॅस्पिडिस्ट्राच. श्रीमंतांकडे केंटिया नावाचा ताड, त्याखालोखाल काचपेटीतले नेचे, आणि चार पैसे शिल्लक टाकणाऱ्यांकडे अ‍ॅस्पिडिस्ट्रा, अशी ही उतरंड.

मग वीज आली. गॅसनेही शेवटची धडपड केली. ऑस्ट्रियाच्या आउअरने १८८५ मध्ये मेंटल काढले. गणपतीच्या मिरवणुकीतल्या गॅसबत्तीत पांढरी जाळी असते तेच. त्याने उजेड वाढला, काजळी कमी झाली. पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मध्यमवर्गीय घरांत विजेचा दिवा स्थिरावला. हवा सुधारली, नाजूक झाडे जगू लागली, आणि ज्याने वाईट दिवस काढले ते झाड नेमके आता लोकांना नकोसे झाले. जुन्या पिढीचे, कंजूष, आंबट चेहऱ्याचे झाड. १९३६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने आपल्या कादंबरीच्या नावातच अ‍ॅस्पिडिस्ट्रा घातले. (ऑर्वेलचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा.) त्यातला गॉर्डन कॉमस्टॉक मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचा इतका तिटकारा करतो, की भाड्याच्या खोलीतले झाड मारायला त्याचे पाणी तोडतो, त्यावर विझत्या सिगारेटी दाबतो, मातीत मीठ घालतो. झाड मरत नाही. आणि शेवटी लग्न ठरल्यावर हाच गृहस्थ, नव्या घरात अ‍ॅस्पिडिस्ट्रा हवेच, असा हट्ट धरतो. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, ग्रेसी फील्ड्सने जगातल्या सर्वांत मोठ्या अ‍ॅस्पिडिस्ट्रावर एक विनोदी गाणे गायले. ते इतके गाजले, की युद्धकाळात ससेक्समध्ये क्राउबरोजवळ जर्मनांना चकवण्यासाठी उभारलेल्या अवाढव्य रेडिओ केंद्राला त्याचेच नाव मिळाले. १९४२ मध्ये सुरू झालेले 'अ‍ॅस्पिडिस्ट्रा' केंद्र पुढे बी.बी.सी.कडे गेले आणि १९८२ पर्यंत चालले.

आपली मंडळी इथे येऊ लागली तेव्हा हे झाड असे जिन्याखाली ढकललेले होते. पण ज्या हवेने त्याला घरात आणले ती पुरती गेली नव्हती. १९५० आणि ६० च्या दशकांत भाड्याच्या खोल्यांत पॅराफिनचा हीटर असे. पॅराफिन म्हणजे आपले रॉकेल. एक लिटर रॉकेल जळले की लिटरभराहून अधिक पाणी वाफ होऊन खोलीत येते. म्हणून त्या खोल्यांच्या काचा आतून वाहत, भिंती काळ्या पडत, कोटाला वास मारत असे. खिडकी उघडावी तर विकत घेतलेली ऊब बाहेर जाते. एका खोलीत चौघे, ओले कपडे तिथेच वाळत, फोडणीही तिथेच. कोळशाचा गॅसही तेव्हा होताच. उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस घरोघरी पोचवण्याचे काम १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षे चालले. ज्येष्ठ मंडळी या दिवसांबद्दल थंडीच्या गोष्टी सांगतात, हवेच्या क्वचितच. त्यांनी त्याही सांगाव्यात आणि कोणीतरी त्या लिहून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

याच संदर्भात एका लोकप्रिय समजुतीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण मंडळात मला रसायनशास्त्राची म्हणून हा प्रश्न नेहमी विचारला जातो: घरातली झाडे हवा शुद्ध करतात ना? व्हिक्टोरियन लोक नेमके उलटे मानत. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून आजाऱ्याच्या खोलीतून कुंड्या बाहेर काढत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्येच आपल्या परिचर्येवरच्या पुस्तकात या भीतीची थट्टा केली. त्या वायूने माशीसुद्धा मरणार नाही, असे तिचे म्हणणे. आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला आहे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने लहान, हवाबंद पेट्यांत झाडे ठेवून प्रयोग केले. त्या पेट्यांतून काही वायू कमी झाले हे खरे. पण आपले घर हवाबंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी असे सर्व प्रयोग एकत्र तपासले. फटींतून, झडपांतून जी हवा आपोआप खेळते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. दहा जरी धरली, तरी पलंग ठेवायला जागा उरणार नाही.

झाडाने हवा शुद्ध केली नाही. हवेने झाड निवडले. हे लक्षात ठेवायचे ते एका फार गंभीर कारणासाठी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झाडाला असे रक्त नाही. माणूस दगावेल अशा हवेत बिडाचे झाड तसेच हिरवेगार उभे राहील. आजच्या नैसर्गिक गॅसमध्ये हा वायू नसतो हे खरे, पण बॉयलर नीट जळत नसेल, धुराची वाट तुंबली असेल, किंवा कोणी थंडीत बार्बेक्यूची शेगडी घरात आणली, तर तो तयार होतो. भाड्याने राहणाऱ्या तरुण मंडळींनी, विशेषतः नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी, हे जरूर पाहावे: इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, ज्या राहत्या खोलीत बॉयलरसारखे बसवलेले ज्वलनाचे उपकरण आहे (गॅसची शेगडी सोडून), तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणे घरमालकावर बंधनकारक आहे. नसेल तर मागा. स्वतःचे घर असेल तर विकत घ्या. आणि फोडणी करताना खिडकी उघडा. धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारी घरे आपल्यात आहेत, ती कोणती हे सर्वांना ठाऊक आहे.

आता कबूल केलेले अर्धे पान, निगा राखण्याबद्दलचे.

जागा उत्तरेच्या खिडकीजवळ किंवा खोलीच्या आतल्या बाजूला. थेट ऊन नको. उन्हाने पान पांढरट पडून करपते आणि ते पुन्हा हिरवे होत नाही. जिना, पॅसेज, थंड पोर्च चालेल. रेडिएटरला चिकटून मात्र ठेवू नये, कोरड्या गरम हवेत तांबडे कोळी लागतात. पाणी वरची दोन बोटे माती सुकल्यावरच. उन्हाळ्यात आठवड्याने, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी पुरते. हे झाड मरते ते बहुधा मायेने, म्हणजे रोज थोडे थोडे पाणी घातल्याने. मातीखालचे खोड कुजते आणि पानांवर तपकिरी डाग येतात. बशीत पाणी साचू देऊ नये. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसावीत. जुन्या बायका दुधाने पुसत. चकाकी येते, पण स्निग्धांशाचा थर राहतो आणि त्यावर धूळ अधिक बसते, म्हणून साधे पाणीच बरे. पांढऱ्या पट्ट्यांची जात घेतलीत तर खत बेताने द्यावे, नाहीतर पट्टे नाहीसे होऊन पाने साधी हिरवी येतात. डिसेंबरात पाच-सहा आठवडे भारतात जायचे असेल, तर निघण्यापूर्वी एकदा भरपूर पाणी घालून, निथळून, थंड खोलीत खिडकीपासून दूर ठेवावे. शेजाऱ्याला किल्ली द्यायची गरज नाही.

दुकानात हे झाड महाग मिळते. कारण सरळ आहे: मोठे व्हायला वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे काचघराचे भाडे कोणीतरी भरलेले असते. पण ज्याच्याकडे जुने झाड आहे त्याच्याकडून फुकट मिळू शकते. तीन-चार वर्षांनी कुंडे भरले की वसंतात बाहेर काढावे, मातीखालचे आडवे खोड धारदार सुरीने कापावे, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पाने आणि थोड्या मुळ्या राहतील असे पाहावे, आणि फार मोठी नाही अशा कुंडीत लावावे. पहिले वर्षभर ते काहीच करत नाही. घाबरू नये, उपटून पाहू नये.

माझ्याकडच्या कुंड्याची वाटणी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या मागच्या अंगणात करणार आहे. सात-आठ तुकडे निघतील. ज्यांना हवे असतील त्यांनी सहा इंची कुंडी आणि पिशवीभर माती घरून आणावी. हॉलच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरायला मुलांची मदत लागेल.